भिंतीतली झोप

एका राज्यात एक तळे होते, आणि त्या तळ्याला एक कोपरा होता. उन्हाळ्यात पाणी आटले की प्रजा गाळ उपसून कच्च्या विटा पाडी. पण त्या कोपऱ्याला कुदळ लावीत नसे. तिथे मोठे बेडूक चिखलात खोल शिरून अन्नपाण्यावाचून झोपत. त्या राज्यात आणखी एक रीत होती. हुकूम राजाचा नसे, राजमुद्रेचा असे. मुद्रा ज्याच्याजवळ, त्याचा शब्द शिपाई पाळीत.

राजा वज्रसेनाने नवा महाल बांधायला काढला. शेवटच्या भिंतीला विटा कमी पडल्या, तेव्हा त्याने तो कोपराही खणवला. भिंत उभी राहिली, आणि त्याच दिवशी राजकन्या शैवली झोपली ती उठेना. श्वास दिसेना. अंग गार आणि ओलसर.

वैद्य हरले, मांत्रिक हरले. उशाशी बसलेल्या राणी कुमुदवतीचे रडून संपले होते. एके सकाळी खिडकीत ढोकरी येऊन बसली, तळ्याकाठची ती मातकट बगळी, आणि बोलू लागली.

"राणी, तीन कामे आहेत. झोपलेल्या बेडकांतल्या म्हाताऱ्याला भिंतीतून जिवंत काढ. तळ्याच्या पाण्याने त्याला जागा कर. मग सगळ्यांना घरी पोचव."

"इतके दिवस कुठे होतीस?"

"मी बेडूक खाते, राणी. मला तळे भरलेले हवे. तुझ्या मुलीचे मला काय?"

"खरे बोललीस, एवढे पुरे," म्हणत राणी उठली.

तिने भिंतीला कान लावला. एका विटेत काहीतरी संथ धडधडत होते. नखांनी तिने ती वीट उकरली. आतून वांग्याएवढा बेडूक निघाला, वाळक्या कातडीत गुंडाळलेला. तळ्यात उरलेल्या डबक्यात तिने त्याला भिजवले. त्याने ती कातडी सोलून खाल्ली आणि डोळे उघडले.

"शाप तुझा?" राणीने विचारले.

"शाप कसला? आमची झोप तुम्ही घरात चिणलीत. ती घरात पसरली. आम्ही उठलो की पोर उठेल."

राणी त्याला तळहातावर घेऊन दरबारात गेली.

"बेडकांसाठी महाल पाडू?" राजा म्हणाला.

"मुलीसाठी पाडा."

"मुलीसाठी दूरदेशीचे वैद्य आणू. भिंत पाडली तर लोक हसतील."

"मुलगी निजलेली आहे आणि आपल्याला हसण्याची काळजी?"

राजा संतापला. त्याने मुद्रेच्या अंगठीचे बोट बेडकासमोर नाचवले. "या मुद्रेची आण, भिंतीला जो हात लावील त्याचा हात तोडीन."

स्थिर वस्तू बेडकाच्या लेखी नसतेच. पण नाकासमोर हलेल ते अन्न, मग उंदीर असो की सापाचे पिल्लू. जीभ सुटली. सैल अंगठी बोटातून निघाली. बेडकाने डोळे आत दाबून घास खाली ढकलला.

राणीने शिपायांकडे पाहिले. "मुद्रा कोणाजवळ आहे?"

म्हाताऱ्या सरदाराने घसा खाकरला. "बेडकाजवळ, राणीसाहेब."

"आणि बेडूक?"

"आपल्या हातात."

"मग पहारी आणा."

"थांबा," राजा म्हणाला. कोणी थांबले नाही.

भिंत पडली. विटा डोक्यावरून तळ्यात गेल्या. राणीने कारंज्यांचे हौद फोडवले आणि ते पाणीही तळ्यात सोडले. विटा विरघळल्या. एकेक बेडूक वर आला, हळदीसारखा पिवळा झाला, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगल्या, आणि असा कल्लोळ उठला की महालाच्या उरलेल्या खिडक्या थरथरल्या.

शैवली उठून बसली. "आई, कोण ओरडतंय?"

"ज्यांना राग आलाय ते. ओरडू दे त्यांना."

त्या रात्री राजा म्हणाला, "राणी, या आवाजात झोप येत नाही."

"जागे राहा, महाराज. या घरात झोप पुष्कळ झाली."

म्हाताऱ्या बेडकाने मुद्रा परत दिली नाही. तेव्हापासून गाळ काढायचा झाला, की त्या राज्याच्या राजाला तळ्याकाठी जाऊन परवानगी मागावी लागते. कधी कोपऱ्यातून उत्तर येते. कधी येत नाही, आणि राजा हात हलवीत परत येतो.