उजवी पाकळी

“पण मग पोटातला जीव माणूस नाही का, आबा?”

जयवंतचा आवाज देवळाच्या छपरापर्यंत घुमला. बाहेर फणसावर बसलेले कावळे उडाले.

रवळोजी आबा मंडपाच्या पायरीवर बसून समईसाठी वाती वळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“माहीत नाही,” ते म्हणाले.

जयवंत बघतच राहिला. ज्यांच्या पायाशी बसून तो मिसरूड फुटायच्या आधीपासून देवळाचं काम शिकला, अडलेला-नडलेला अर्धा तालुका ज्यांच्याकडे येतो, तो माणूस म्हणतो, माहीत नाही?

“तुम्हाला माहीत नाही?”

“नाही बाबा. तुला माहीत आहे?”

“आहे! जीव तो जीव. पोटात असो नाहीतर पाळण्यात.”

“बरं.” आबांनी वळलेली वात ताटलीत ठेवली आणि हनुवटीने मंडपातल्या खांबाकडे दाखवलं. “आणि ती?”

खांबाला टेकून प्रणिता बसली होती. मेस्त्र्यांची थोरली सून. मांडीवर कपड्यांची पिशवी, पायांत चपला नाहीत, त्या खाली पायऱ्यांशी काढलेल्या. चढण चढून आल्यामुळे तिला अजून धाप लागत होती. तिच्यापासून हातभर अंतरावर तिचा दीर अंकुश उभा होता, वाट अडवून उभं राहावं तसा.

“ती?” जयवंत म्हणाला. “ती त्याची आई.”

“मी ते विचारलं नाही.”



झालं होतं ते असं. आबा बहिणीच्या आजारपणासाठी तिच्या गावी गेले होते आणि देऊळ पहिल्यांदाच एकट्या जयवंतच्या हाती आलं होतं. नेमका तेव्हाच अंकुश आला. म्हणाला, वहिनींना दिवस गेलेत आणि त्या तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन पोट पाडून घेणार म्हणतात. दादा बोटीवर, त्याला फोन लागत नाही आणि लागला तर तो म्हणतो, गावात ठरवतील ते ठरवा. तेव्हा जयवंता, तूच देवाला विचार.

देवाला विचारायचं म्हणजे कौल लावायचा. देवाच्या पाषाणाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला फुलाची एकेक पाकळी पाण्यात भिजवून चिकटवायची. मग समोर उभं राहून, खणखणीत आवाजात, गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचं. उजवी पाकळी आधी पडली तर देव हो म्हणाला. डावी पडली तर नाही.

जयवंतने गाऱ्हाणं घातलं. असं घातलं की खालच्या वाडीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. हे मूल राहावं का, महाराजा?

उजवी पाकळी पडली.

त्या दिवशी घरी परतताना जयवंतला वाटलं होतं, आपण एक जीव वाचवला. त्याने हे दोघा-तिघांना सांगितलंही होतं.

आणि आज सकाळी प्रणिता पिशवी घेऊन निघाली तेव्हा वाडीतल्या रिक्षावाल्याने तिला बसू दिलं नाही. म्हणाला, देवाने सांगितलंय, तुला नेऊन मी का पाप घेऊ? ती घरी परत गेली नाही. सरळ देवळाची चढण चढून आली. मागून अंकुश. आबाही नुकतेच परतलेले, त्यांच्या पायांवरची प्रवासाची धूळसुद्धा अजून धुतलेली नव्हती.

“गाऱ्हाण्यात नाव कुणाचं घेतलंस?” आबांनी आता विचारलं.

“मेस्त्र्यांच्या घराण्याचं.”

“आणखी?”

“ह्याच्या दादाचं. मग येणाऱ्या जिवाचं… म्हणजे त्यांनी आजोबांचं नाव ठेवायचं ठरवलंय, ते.”

“मुलगाच आहे,” अंकुश मध्येच म्हणाला. “आई म्हणते, लक्षणं सगळी तीच आहेत. दोन मुलींच्या वेळी असं नव्हतं.”

“आणखी कुणाचं?” आबांनी जयवंतकडेच बघत विचारलं.

जयवंतने आठवून बघितलं. गाऱ्हाणं त्याला तोंडपाठ होतं. घराणं, कुळ, मूळपुरुष, घरचा कर्ता, सगळे त्यात होते.

“हिचं नाव काय?” आबा म्हणाले.

“मेस्त्री वहिनी.”

“नाव विचारतोय मी.”

जयवंतने अंकुशकडे बघितलं. अंकुशने घसा खाकरला. खांबाशी बसलेली बाई कुणी सांगतं का, ह्याची वाट बघत होती. मग तिनेच सांगितलं.

“प्रणिता.”

“समोर कोण उभं होतं?” आबांनी विचारलं.

ह्या देवळाची रीत होती, आणि जयवंतला पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट हीच होती. ज्याचं काम असेल त्याने स्वतः उंबऱ्यासमोर उभं राहायचं. गाय हरवली असेल तर गायीच्या धन्याने. जमिनीची भांडणं असतील तर भांडणाऱ्यांनी.

“अंकुश उभा होता,” जयवंत म्हणाला. “घरातला पुरुष म्हणून…”

“अंकुशच्या पोटात आहे?”

अंकुश लाजला आणि चिडला, दोन्ही एकदम. “चेष्टा कसली करता, आबा? घराण्याचा प्रश्न आहे. बायकांना काय, घाबरल्या की काहीही बोलतात. वहिनी, उठा बघू. घरी चला. लोक बघतायत.”

“बघू देत,” प्रणिता म्हणाली.

तिचा आवाज मोठा नव्हता, पण त्यात असं काही होतं की अंकुशचा पुढे आलेला हात मागे गेला.

“धाकटीच्या वेळी मला रात्रभर रक्त जात होतं, भावोजी. तुम्हीच गाडी आणलीत. गाडीत तुम्ही रडत होतात. आठवतंय? डॉक्टरीणबाई तेव्हाच म्हणाल्या, हिच्या काळजाची झडप खराब आहे, पुन्हा दिवस राहू देऊ नका. हे सगळं घरात सगळ्यांना माहीत आहे.”

“मागच्या वेळी वाचलात ना?”

“वाचले म्हणून पुन्हा मरू?”

  हे जयवंतला कुणी सांगितलं नव्हतं. मग त्याच्या मनात आलं, आपण विचारलंही नव्हतं. पण इतक्या लवकर हार मानणं त्याला जमेना.

“वहिनी, आजार आहे हे मला ठाऊक नव्हतं,” तो म्हणाला. “आजार असेल तर गोष्ट वेगळी. देवसुद्धा समजून घेईल.”

प्रणिता त्याच्याकडे वळली. आतापर्यंत तिने त्याच्याकडे नीट बघितलंच नव्हतं.

“आणि आजार नसता तर?”

“म्हणजे?”

“मी धडधाकट असते आणि नको म्हणाले असते तर? तर तू मला विचारलं असतंस, जयवंता? की मला नको म्हणण्यासाठी आधी मरायला टेकायला हवं?”

“पण त्या जिवाचा विचार…”

“मी करत नाही?” ती ताडकन उभी राहिली. पिशवी खाली पडली. “तुझ्या एका पाकळीला जेवढा वेळ लागला ना, तेवढाच विचार तुम्ही सगळ्यांनी केलात. मी उठता-बसता तोच करतेय. भाकऱ्या थापताना करतेय. पोरींच्या वेण्या घालताना करतेय. त्या दोघींना मागे कोण बघणार, हा विचार कुणी केलाय? तुझ्या देवाने?”

तिला धाप लागली. ती खांब धरून पुन्हा खाली बसली.

“ह्या वेळी तपासायला गेले, तेव्हा दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दार लावून घेतलं,” ती जरा वेळाने म्हणाली. “सासूबाईंना बाहेर बसवलं. आणि मला म्हणाल्या, तुझं काय म्हणणं आहे? मी मागे वळून बघितलं, कुणाला विचारतायत म्हणून…”

आबांच्या हातातली वात तुटली.

इतक्या वर्षांत आबांच्या हातून वात तुटलेली जयवंतने पाहिली नव्हती. त्यांचा चेहरा शांतच होता. पण वात म्हातारपणाने तुटली नव्हती, हे जयवंतला कळलं.

“फुलं आण,” आबा म्हणाले. “पाणीही.”

जयवंतच्या जिवात जीव आला. म्हणजे आबा पुन्हा कौल लावणार. रीतीने, नाव घेऊन, हिला समोर उभं करून. चूक निस्तरणार. त्याने लगबगीने तांब्या भरून आणला, परडीतून ताजी जास्वंद काढली.

“आता मी गाऱ्हाणं नीट घालतो, आबा.”

“तू उभा राहा. उपरणं काढ.”

जयवंतने खांद्यावरचं उपरणं काढून ठेवलं. गाभाऱ्यात जाताना पुजाऱ्याने उघड्या अंगानेच जायचं असतं, म्हणून त्याला त्यात वेगळं काही वाटलं नाही. तो गाभाऱ्याकडे वळला.

“तिकडे नाही. इथेच.”

आबांनी दोन पाकळ्या पाण्यात बुडवल्या. एक त्याच्या बेंबीच्या उजव्या बाजूला चिकटवली. दुसरी डाव्या बाजूला. पाणी गार होतं. जयवंतचं पोट आत ओढलं गेलं.

“हलू नकोस. आत पाषाण हलतो का?”

“आबा, हे काय…”

“बोलूही नकोस.”

आणि आबांनी डोळे मिटून हात जोडले. त्यांचा गाऱ्हाण्याचा आवाज जयवंतने बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. जयवंतच्या आवाजासारखा तो घुमत नव्हता. तो जमिनीतून आल्यासारखा येत होता.

“बा देवा महाराजा! आज ह्या ठिकाणी मेस्त्र्यांच्या घराण्याने तुझ्यासमोर एक काम आणलंय. त्यांची एक ठेव आहे, ती ह्या देहात ठेवायची आहे. व्हय म्हाराजा?”

“व्हय म्हाराजा!” अंकुश म्हणाला.

गाऱ्हाणं सुरू झालं की साथ द्यायची, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. त्याचे हातसुद्धा आपोआप जोडले गेले होते.

“ह्या देहाचं रक्त त्या ठेवीला लागेल, ते घेऊ. झोप लागेल, ती घेऊ. हाडांतलं बळ लागेल, तेही घेऊ. व्हय म्हाराजा?”

“व्हय म्हाराजा!”

“ह्याच्या काळजाला ते झेपणार नाही, असं जाणकार सांगतात. पण घराण्याचं काम मोठं. व्हय म्हाराजा?”

“व्हय म्हाराजा…”

अंकुशचा आवाज खाली आला होता.  जयवंत हलला नाही. पोटावरच्या पाकळ्यांकडे बघत राहिला. उजवी जराशी सुटली होती.

“वाचला तर वाचला. नाही वाचला तर दुसरा देह बघू. ह्याचं नाव घ्यायचं कारण नाही, ह्याला विचारायचं कारण नाही. व्हय म्हा…”

“अहो, पण मला विचारा की!”

जयवंत ओरडला. कधी ओरडला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. त्याच्या हाताने पोटावरून फटकारा मारला होता आणि दोन्ही पाकळ्या उडून फरशीवर पडल्या होत्या. देवळात, आबांसमोर, भर गाऱ्हाण्यात.

आबांनी डोळे उघडले. 

“मीही हेच म्हणाले होते,” प्रणिता हळूच म्हणाली. “स्वयंपाकघरात. कुकरच्या शिट्टीत कुणाला ऐकू गेलं नसेल…”

खालच्या वळणावर एस.टी.चा हॉर्न वाजला. तालुक्याला जाणारी गाडी होती.

प्रणिताने पिशवी उचलली. अंकुश चटकन पुढे झाला आणि पायऱ्यांच्या तोंडाशी उभा राहिला.

“वहिनी, कौल झालाय. तुम्ही गेलात तर ह्या गावात आम्हाला तोंड दाखवायला जागा उरणार नाही.”

जयवंत पुढे गेला. उघड्या अंगाने, पोटावर ओल्या पाकळीचा लाल डाग तसाच. त्याने अंकुशच्या छातीवर हात ठेवला आणि त्याला बाजूला सारलं. दोघे एका वाडीत वाढलेले, एका विहिरीत पोहायला शिकलेले.

“बाजूला हो, अंक्या.”

“तूच कौल लावलास ना रे?”

“लावला. तुला समोर उभं करून लावला. तुला कशाला उभं केलं, तुझं काय काम होतं तिथे?” जयवंत म्हणाला. “खाली जाऊन मी सांगतो सगळ्यांना. रिक्षावाल्याला आधी सांगतो. कौल खोटा होता. मी चुकीचं विचारलं.”

प्रणिता त्यांच्या बाजूने पायऱ्या उतरली. तिने आभार मानले नाहीत. चपला पायांत सरकवताना एकदा थांबली, श्वास घेतला आणि निघाली. गाडी थांबल्याचा आवाज आला. मग गाडी गेल्याचा.

अंकुश मटकन पायरीवर बसला. 

“आईला काय सांगू?” तो म्हणाला. “तिला मी देवाचा निकाल सांगितलाय. आबा, देवाचा कौल असा मागे घेता येतो का? काहीतरी सांगायला हवं मला. घरी जाऊन काहीतरी सांगायला हवं…”

मग त्याची नजर फरशीवर गेली. दोन्ही पाकळ्या तिथेच पडलेल्या होत्या. तो उठून त्यांच्याजवळ उकिडवा बसला. त्याच्या डोळ्यांत एकदम आशा आली.

“आबा! ह्या पडल्या की. गाऱ्हाणं घातलंत, पाकळ्या पडल्या, म्हणजे हाही कौलच झाला ना? कुठली आधी पडली? उजवी का डावी?”

आबांनी तुटलेली वात उचलली आणि पुन्हा वळायला घेतली.

“पोट त्याचं आहे,” हनुवटीने जयवंतकडे दाखवत ते म्हणाले. “त्याला विचार.”