घाटापुरती एस्टी

"...पण आक्का, तुम्हीच सांगा, त्या डबड्यात मजा काय येणार?"

आक्का दारच्या सोप्यावर बसून पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या,

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे काय! मला."

"असं होय..."

सुपात चार दाणे पडले.

संग्राम इंगवले मनातून खट्टू झाला. अहो, केवढ्या आशेनं आला होता बिचारा!

हा संग्राम म्हणजे कोल्हापुरातला पक्का गाडीवेडा. कुणी नव्या गाडीचं नाव काढलं की भरल्या ताटावरनं उठणारा. आणि ज्यांच्या पुढ्यात तो बसला होता त्या सगुणाआक्का सरनोबत म्हणजे त्याच्या गुरू. गाडी त्याला त्यांनीच शिकवली. एके काळी घाटातल्या शर्यती मारलेल्या बाई. लुगड्याचा काचा मारून स्टिअरिंगवर बसायच्या आणि भल्या भल्या मिशीवाल्यांना धूळ चारायच्या. आता सत्तरी ओलांडून गगनबावड्याला, घाटाच्या अगदी तोंडाशी राहत होत्या.

दारात त्यांची गाडी होती. छोटी, जुनी, शेवाळी रंगाची. इंजिन एवढंसं, पेट्रोल पिणार तेही एवढंसंच.

तिच्या शेजारी संग्रामची नवी गाडी. काळीभोर, रुंद, लांबलचक. म्हशीशेजारी करडू बांधावं तसं दिसत होतं.

"रेवती झोपली का?" आक्कांनी विचारलं.

"आत पडलीय. झोप कुठली लागतेय तिला..."

रेवती म्हणजे संग्रामची बायको. तिला सातवा महिना. परवाच डोहाळजेवण झालेलं, हातात हिरवा चुडा. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिला वैभववाडीला पोचवायचं होतं. घाट उतरला की वैभववाडी आलीच.

पण घाटापाशीच घोडं पेंड खात होतं.

कोल्हापूरपासून गगनबावड्यापर्यंत ती नवऱ्याच्या गाडीत मुकाट बसून आली. घाटात मात्र बसणार नाही म्हणाली. घाटापुरती एस्टी! दुपारच्या एस्टीनं ती खाली उतरणार, आणि नवऱ्यानं रिकामी गाडी घेऊन मागनं यायचं. गाडीवेड्याला बायकोनं याहून मोठी चपराक ती काय द्यायची?

"ती म्हणते ही विका आणि छोटी घ्या," संग्राम म्हणाला. "तशी एक बघूनसुद्धा ठेवलीय तिनं. तुमचा शब्द ती मोडणार नाही, आक्का. एवढंच सांगा तिला, ज्याला गाडी चालवायची खरी आवड आहे त्याचा असल्या गाडीत जीव घुसमटतो म्हणून."

"आणि मी नाही सांगितलं तर?"

संग्रामनं दारातल्या काळ्या गाडीकडं बघितलं. मग घोगऱ्या आवाजात म्हणाला,

"तर विकतो. तिच्यापुढं गाडी काय... पण माझी हौस संपली म्हणून समजा."

"अहो..."

दारात रेवती उभी होती. चौकटीला हात धरून. सगळं ऐकलं होतं तिनं.

"तुमच्यावर राग नाही हो माझा. पण घाटात गाडीच्या दारावरची धरायची कडी सोडवत नाही मला. आजवर चाललं. आता दोन्ही हात मला इथं लागतात."

तिनं पोटावर हात ठेवले. बांगड्या किणकिणल्या.

या बाईवर संग्रामचा फार जीव होता. ती घाबरते, आणि आपल्यामुळं घाबरते, हे त्याला सोसत नव्हतं. म्हणून तर इतके दिवस तो 'तू मुळातच भित्री आहेस' म्हणून वेळ मारून नेत होता.

आक्कांनी सूप बाजूला सारलं.

"एस्टीला अजून अवकाश आहे. चल, घाटात जाऊन येऊ. तू तुझी घे, मी माझी घेतो."

कोल्हापूरकडच्या जुन्या बायका बोलतात तशा आक्का बोलायच्या. मी येतो, मी घेतो.

"आक्का, माझ्या गाडीबरोबर तुमची ही..."

"उतरताना तू पुढं. चढताना मी पुढं. आणि माझ्या पुढं जायचं नाही, सांगून ठेवतो."

उतरले. घाटाच्या पायथ्याला चहाच्या टपरीपाशी दोघांनी गाड्या वळवल्या, आणि आक्का पुढं झाल्या.

संग्रामला हसू येत होतं. आता ही म्हातारी धापा टाकणारी गाडी घेऊन रांगत जाणार, आणि आपण मागं जांभया देत बसायचं!

पहिलं वळण आलं. संग्रामनं ब्रेक दाबला. आक्का पुढं निघून गेल्या.

सरळ रस्ता लागला तसा त्यानं जरा पाय दिला आणि लगेच त्यांना गाठलं. पुन्हा वळण. पुन्हा ब्रेक. पुन्हा आक्का पुढं.

गंमत आहे! छोटी गाडी जोरात जात नव्हती. पण हळूही होत नव्हती. पाण्यात सोडलेल्या होडीसारखी आपली एका चालीनं या वळणातून त्या वळणात जात होती.

वरनं एक ट्रक आला. संग्रामला तो दिसायच्या आधीच आक्का डावीकडं अंग चोरून मोकळ्या झाल्या होत्या. संग्रामनं मात्र कचकन ब्रेक मारला, मागच्या सीटवरची रेवतीची पिशवी खाली पडली.

आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं... आक्कांच्या गाडीचे ब्रेकचे दिवे लागतच नव्हते.

एकटी राहणारी बाई. गाडीकडं बघायला कुणी नाही. मागनं कुणी येऊन धडकलं तर? आणि आपण, हिचे लाडके शिष्य म्हणवणारे, वर्ष झालं इकडं फिरकलोसुद्धा नाही! त्याला स्वतःचीच लाज वाटली.

घाट संपला तसा तो न राहवून पुढं गेला, आणि आक्कांच्या दारात उतरून उभा राहिला. आक्का आल्या, तसा त्यांच्यावर तुटून पडला.

"आक्का, काय हे! ब्रेकचे दिवे गेलेत तुमचे! सबंध घाटात एकदा लागले नाहीत. हसण्यावारी नेऊ नका, आजच्या आज बसवून देतो मी."

"गेले का?"

"मी काय खोटं सांगतोय?"

"मागं जाऊन उभा राहा बघू."

संग्राम मागं गेला. आक्कांनी पाय दाबला.

दोन्ही दिवे लखकन लागले. लालभडक.

आक्कांनी पाय उचलला. दिवे गेले. पुन्हा दाबला... पुन्हा लागले.

संग्राम खिडकीशी आला.

"म्हणजे... सबंध चढाला तुम्ही एकदाही..."

"चढाला कशाला लागतो रं ब्रेक?"

"मला तर लागत होता."

"व्हय की. उतरतानाही मी मागंच होतो. तुझे दिवे बघत. दिवाळीच होती नुसती."

सोप्यावर रेवती खुदकन हसली, आणि चटकन तोंडाला पदर लावला.

संग्राम ऐकणाऱ्यातला थोडाच!

"आक्का, खरं सांगू? तुमच्या गाडीत जोरच नाही. मग ब्रेक लागणार कशाला?"

"बरोबर बोललास," आक्का अगदी मोकळेपणी म्हणाल्या. "हिचा गेलेला वेग परत मिळत नाही. म्हणून घालवायचाच नाही."

"आणि माझी?"

"तुझी गुणाची आहे. तुझ्या सगळ्या चुका पोटात घालते."

"...आणि ही?"

"ही बोलून दाखवते."

त्यांनी किल्ली काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

"पिशव्या ठेव हिच्यात. रेवतीला घे."

रेवतीनं छोट्या गाडीकडं बघितलं. मग आक्कांकडं.

"आक्का, तुम्ही चालवणार ना?"

"मी नाही. हा. मी आपला शेजारी बसतो, हवा खात."

तेवढ्यात स्टँडवर एस्टीचा हॉर्न वाजला. रेवतीची नजर तिकडं गेली. संग्रामनं ते पाहिलं. आयुष्यात त्यानं एवढ्या शर्यती बघितल्या, पण अशी छाती कधी धडधडली नव्हती.

"पहिल्या वळणापर्यंत बसते," ती हळूच म्हणाली. "एस्टी मागनं येतेच आहे. नाही जमलं तर हात करते तिला. चालेल?"

"चालेल," संग्राम म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

रेवती मागं बसली. घाट सुरू झाला.

पहिलं वळण... आणि सवय ती सवय! संग्राम वळणाच्या तोंडापर्यंत तसाच गेला, आणि मग ब्रेक. छोटी गाडी नाकावर झुकली, कलली, कुरकुरली. मागं बांगड्या खळ्ळकन वाजल्या. हात कडीवर गेला होता.

"ऐकलंस?" आक्कांनी विचारलं.

"बांगड्या?"

"तुझ्या गाडीत ऐकू येतात?"

संग्रामला आठवेना. तिथं काचा बंद, गाणी चालू, आणि इंजिनाची ती घुमघुम. त्या गुरगुरण्यावर तर तो भाळला होता. रेवती वर्षभर मागं नाहीतर शेजारी बसत होती, कडी धरत होती, आणि तिच्या बांगड्या... छे. एकदाही नाही.

"नाही," तो म्हणाला.

मागनं एस्टीचा हॉर्न आला. जवळच होती.

"रेवती," तो म्हणाला, "आणखी एक वळण देतेस?"

मग मागनं आवाज आला,

"बरं."

आक्कांनी डोळे मिटून घेतले.

या खेपेला संग्रामनं वळण यायच्या किती तरी आधी गिअर खाली घेतला. इंजिननंच गाडीला मागं ओढून धरलं. त्यानं नजर पुढं टाकली, रस्ता डोंगराआडून पुन्हा जिथं बाहेर येत होता तिथं. ब्रेकवर पाय नुसता टेकवला, आणि वळायच्या आत उचलूनही घेतला. स्टिअरिंग एकदाच फिरवलं.

बांगड्या जराशा किणकिणल्या.

पुढचं वळण. त्याहून हळू.

अन् मग त्याला सापडलं! गाडी त्याच्याशी बोलत होती. चाक खडीवर गेलं की तळहाताला कळत होतं. उतार वाढला की मांडीला कळत होतं. त्याची काळी गाडी सगळं स्वतःच करायची, तो नुसता पाय देऊन ऐट मिरवायचा. ही चालवावी लागत होती. डोक्यानं, डोळ्यांनी, बोटांनी. हिच्यात एवढीशी ताकद, पण ती सगळीच्या सगळी त्याच्या हातात होती.

एका मागून एक वळणं आली. डावं, उजवं, पुन्हा डावं. गाडी त्यांतून सुईतल्या दोऱ्यासारखी निघाली. मघाची ती एस्टी, तिचा हॉर्नही आता वर कुठंतरी राहिला होता.

वा रे पठ्ठ्या! संग्रामच्या अंगावर काटा आला. पहिल्यांदा याच आक्कांनी याच घाटात त्याच्या हाती स्टिअरिंग दिलं, त्या दिवशी असा आला होता. त्यानंतर आजच. त्याला ओरडावंसं वाटलं, मोठ्यानं, सगळी दरी दणाणून जाईल असं.

"आक्का, बघितलंत?" म्हणायला त्यानं तोंड उघडलं...

आणि मिटलं.

मागं काहीच वाजत नव्हतं.

त्यानं आरशात पाहिलं. रेवतीची मान कलली होती. तोंड जरासं उघडं. कडीवर हात नव्हता. दोन्ही हात पोटावर, आणि हिरवा चुडा अगदी गप्प.

ती झोपली होती. घाटात. त्याच्या हातची गाडी असताना.

संग्रामचे डोळे भरून आले. ते पुसायलाही त्यानं हात उचलला नाही. उरलेली वळणं त्यानं अशी घेतली की कुठल्या शर्यतीतही कुणी तशी घेतली नसतील, आणि बघायला कुणी नव्हतं. एक बाई झोपलेली, दुसरीचे डोळे मिटलेले.

घाट संपला. वारा ऊबदार झाला. काजूची झाडं लागली, कौलारू घरं दिसायला लागली.

कुणाचं तरी कुत्रं रस्त्यात आडवं आलं, गाडी जराशी हळू झाली. रेवती चाळवली. डोळे न उघडताच, झोपेतल्या आवाजात तिनं विचारलं,

"अहो... घाट आला का?"

संग्राम सांगणार होता. शब्द ओठांवर आलाच होता.

आक्कांनी डोळे उघडले, आणि गिअरवरच्या त्याच्या हातावर अलगद हात ठेवला.

"लांब आहे अजून, पोरी. झोप तू."