फुर्माची शेवटची म्हण

फार वर्षांपूर्वी, तुमच्या पणजोबांना मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा, आपल्या नांदखाडीच्या तोंडाशी एक गलबत फुटलं. एकच बाई जिवंत किनाऱ्याला लागली. डोईला रुमाल, आणि बोली कुणाला म्हणून कळेना. पण ती 'शेमा'ची प्रार्थना पुटपुटत होती, आणि तेवढी आपल्या शनवार तेल्यांनी ओळखली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे ते बेने इस्राएली यहुदी. "अगो, ही तर आपल्यातलीच!" म्हणत त्यांच्यातल्या एका तेलिणीनं तिला घरात घेतलं. तिचं नाव फ्रुमा. गावानं केलं फुर्मा.

फुर्मा सुईण निघाली. मोडकंतोडकं मराठीही शिकली. मूल जन्मलं की ती त्याच्या कानात आपल्या मुलखातली एक म्हण सांगायची. 'टोपी बरी आहे, डोकंच लहान पडलं.' 'पाहुणा घटकेचा, नजर कोसभर.' आजीकडून आईला, आईकडून तिला आलेल्या. पण एकदा दिलेली म्हण तिला पुन्हा आठवायची नाही. आणि ते मूल बोलायला लागलं की सगळ्यात आधी तीच म्हण बोलायचं, तिच्याच बोलीत, चांगल्या मोठ्या माणसाच्या आवाजात! एकदाच. मग आपलं बोबडं बोबडं. असं म्हणतात. हसताय काय रे? पाळणा सोडून पळाल्या होत्या बायका!

देता देता फुर्माजवळ एकच म्हण उरली. मुलूख सोडून निघताना दारात तिची आई म्हणाली होती ती: 'जगलीस, तर बघशील.' त्या म्हणीत आईचा आवाज होता. ती फुर्मा कुणाला देईना. नव्या मुलांची मुकाट्यानं नाळ कापायची.

मग त्याच तेलिणीची सून रिबकाबाई अडली. भर दुपारी मूल झालं, ते निळं. रडेना, हलेना. आधीची लेकरंही मातीत गेलेली. तिनं फुर्माचा पदर धरला.

"फुर्माआत्या, म्हण द्या त्याला!"

"एकच उरली गो. ती दिली तर माझी आई गेली."

"आणि माझं बाळ?"

फुर्मा खाली वाकली. त्या गार कानात आईची ती म्हण आपल्या बोलीत म्हणाली, "अझ मे लेब्ट, दरलेब्ट मेन." बाळानं टाहो फोडला. फुर्माही रडली, कारण आईचा आवाज कसा होता तेच तिला आठवेना. वैऱ्यावरसुद्धा येऊ नये अशी वेळ!

तेव्हापासून ती त्या पाळण्याशी बसून राहिली. पोर कधी बोलतंय आणि आईचा आवाज परत कानी येतोय याची वाट बघत. एका सकाळी ते उठून बसलं, तिच्याकडे बघितलं आणि बाईच्या आवाजात म्हणालं, "फ्रुमा." म्हण नाही, नुसतं नाव. आई लेकीला घरात बोलावते तसं. फुर्मानं "ओ" दिली, उठली आणि चालायला लागली. खाडीच्या चिखलात तिची पावलं पाण्यापर्यंत गेलेली दिसली. परतीची कुणाला दिसली नाहीत, असं म्हणतात.

म्हणून आजही आपल्याकडे, घर तेल्याचं असो की कोळ्याचं, मूल पहिल्यांदा 'आई' म्हणालं की त्याची आई लगेच ओ देत नाही. हाक कुणाच्या आवाजात आली, ते आधी घरातल्या म्हाताऱ्या ऐकतात. जिला ओळखीची वाटेल तिनं ओ द्यायची. आणि बाकीच्यांनी तिचा हात घट्ट धरून ठेवायचा.