मंजुळाचा खेळ आणि झिपरूची मदत

एका गावात एक भोळा गिरणीवाला होता. नाव झिपरू. गहू, ज्वारी, उडीद, सगळं तो झकास दळायचा. बारीक दळा म्हटलं की बारीक, जाड म्हटलं की जाड. एकदा कुणी म्हणालं, "झिपरूभाऊ, जरा डोळ्यात तेल घालून दळा हो." तेव्हा मात्र दोन दिवस गिरणी बंद ठेवावी लागली.

झिपरूची बायको मंजुळा. ती पापड लाटायची आणि डोक्याने तेज होती. तिच्या बचत गटातल्या बायकांना गावच्या शाळेने तीन महिने कम्प्युटर शिकवला. बाकीच्या शिकल्या आणि विसरल्या. मंजुळाला नाद लागला. तिने वहीत एक खेळ मांडला. गच्चीवर खाट, खाटेवर पापड वाळत घातलेत आणि चारी बाजूंनी कावळे येतायत. बटण दाबून कावळे हाकलायचे. बस, एवढाच खेळ. शाळेच्या कम्प्युटरवर तिने तो अर्धामुर्धा तयार केला. हेडमास्तर मधल्या सुट्टीत बघायला म्हणून बसले, ते शाळा सुटली तरी उठेनात.

अशात तालुक्याच्या वाचनालयाने जाहीर केलं, घरी तयार केलेल्या कम्प्युटर खेळांचं प्रदर्शन भरणार. पहिला येईल तो खेळ तालुक्यातल्या सगळ्या शाळांत जाणार. मंजुळाचं मन त्यातच अडकलं. आपले कावळे अनोळखी पोरांनी हाकलावेत, असं तिला फार वाटू लागलं. पण उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि शाळेला कुलूप पडलं.

मग तिला कळलं, एक छोटासा स्वस्त कम्प्युटर मिळतो. पाटीसारखा नुसता. घरच्या टीव्हीला जोडायचा की झालं. तिने पापडाचे पैसे काढले आणि झिपरूला तालुक्याला धाडलं.

दुकानदाराने कम्प्युटर काढून दाखवला. म्हणाला, "बघा भाऊ, आख्खा कम्प्युटर तळहातावर मावतो."

झिपरूने तळहात पुढे केला. मावला.

मग तो तसाच निघाला. हात पुढे, हातावर कम्प्युटर. बसमध्ये बसायला जागा होती, पण हात पसरून बसता येईना, म्हणून उभा राहिला. एका म्हाताऱ्याने त्याच्या हातावर सुपारीचं खांड ठेवलं. एक बाई देवाला जाऊन आली होती, तिने प्रसादाचे चार फुटाणे ठेवले. झिपरू नको म्हणाला नाही. प्रसादाला नको कसं म्हणणार?

मंजुळाने कम्प्युटरवरून फुटाणे वेचले. सुपारी काढली. नशीब, कम्प्युटर चालू झाला.

"अहो, अशी वस्तू डब्यात घालून आणायची असते," ती म्हणाली. "डब्यात घालायची, झाकण घट्ट लावायचं आणि घर येईपर्यंत उघडायचं नाही."

"आलं ध्यानात," झिपरू म्हणाला. आणि खरंच आलं होतं. एकदा ऐकलेलं तो विसरत नसे. पंचाईत तिथेच होती.

पंधरा दिवसांत खेळ आकाराला आला. कावळे उडू लागले, पापड कमी होऊ लागले. फक्त कावळे मुके होते. मंजुळा म्हणाली, "अहो, नदीकाठच्या चिंचेवर कावळे फार बसतात. तेवढा कावळ्याचा आवाज घेऊन या ना."

झिपरूने स्टीलचा डबा घेतला आणि चिंचेखाली जाऊन बसला. कावळा दिसला की डबा उघडायचा. कावळा काव म्हणाला की खाडकन झाकण लावायचं. पहिला आवाज त्याला जरा बारीक वाटला, म्हणून त्याने तो सोडून दिला. दुसरा घसा बसल्यासारखा होता. तिसरा मात्र दणदणीत मिळाला. झाकणावरून त्याने उपरणं बांधलं आणि डबा छातीशी धरून घरी आला.

मंजुळाने डबा उघडला. आत बघितलं. मग झिपरूकडे बघितलं.

झिपरूने डब्याला कान लावला. त्याचा चेहरा पडला. "अगं, चांगला मोठा होता. तू फार सावकाश उघडलंस."

मंजुळा डोक्याला हात लावून बसली. मग तिने त्याला मोबाइल दाखवला. "हे बघा. आवाज यात घ्यायचा. मोबाइल तोंडासमोर धरायचा, लाल बटण दाबायचं आणि गुपचूप उभं राहायचं. आवाज थांबेपर्यंत आपण एक शब्द बोलायचा नाही."

"आलं ध्यानात."

कावळ्याचा आवाज शेवटी तिने स्वतःच घेतला. दोन दिवसांनी ती उडीद आणायला गेली, तेव्हा वाचनालयाचा माणूस सायकलवरून दारात आला.

"मंजुळाबाई आहेत का?"

झिपरू लगबगीने उठला. मोबाइल त्या माणसाच्या तोंडासमोर धरला आणि लाल बटण दाबलं.

"अहो दादा, मंजुळाबाई इथेच राहतात ना?"

झिपरू गुपचूप.

"मी वाचनालयातून आलोय. त्यांचं नाव नोंदलंय, पण भरलेला अर्ज आला नाही. उद्या दुपारपर्यंत नाही आला तर नाव निघेल. सांगाल ना?"

झिपरूने श्वाससुद्धा रोखून धरला होता.

"ऐकू येतं का तुम्हाला?" माणूस ओरडला. मग इकडे तिकडे बघितलं, सायकलवर टांग टाकली आणि जरा घाईनेच निघून गेला.

मंजुळा आल्यावर झिपरूने मोठ्या आनंदाने मोबाइल पुढे केला. "ऐक. एकदम स्वच्छ आलाय."

मंजुळाने ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने धावत जाऊन अर्ज भरला. परत आल्यावर पदराने घाम पुसत म्हणाली, "अहो, दारात कुणी आलं तर त्याला या म्हणावं, बसा म्हणावं. पाणी द्यावं. काही खायला पुढे करावं. तसंच कसं जाऊ द्यायचं?"

झिपरू ओशाळला. त्या माणसाला पाणीसुद्धा विचारलं नाही, याचं त्याला खरंच वाईट वाटलं. "आलं ध्यानात," तो म्हणाला. "आता कुणी उपाशी जायचं नाही."

प्रदर्शनाला दोन दिवस उरले. मंजुळाने ठरवलं, खेळाच्या शेजारी खऱ्या पापडांचं एक ताट मांडायचं. लोकांना खेळ लगेच कळेल. तिने शंभर पापड लाटले, गच्चीवरच्या खाटेवर घातले आणि झिपरूला म्हणाली, "जरा इथे बसा. मी खाली खेळातली शेवटची चूक काढते."

झिपरू बसला. थोड्या वेळाने एक कावळा कठड्यावर आला.

"या," झिपरू म्हणाला. "बसा."

कावळा बसला. झिपरूने वाटीत पाणी ठेवलं. पापड पुढे केला. कावळ्याला तो अख्खा खाता येईना, तेव्हा तुकडे करून दिले. कावळ्याने मान वर करून आपल्या लोकांना हाक मारली. ते आले. त्यांचेही लोक आले. झिपरू एकटा माणूस, वाढून वाढून त्याचे हात दुखले.

मंजुळा वर आली तेव्हा नऊ पापड शिल्लक होते.

"मंडळी बरीच होती," झिपरू म्हणाला. "पण कुणी नावं ठेवून गेलं नाही."

मंजुळाला रडावं की हसावं कळेना. तिने आधी थोडं रडून घेतलं. मग म्हणाली, "अहो, मी एवढा खेळ केला तो कशाचा? हाकलायचं! पापडाजवळ कुणी आलं की हाकलायचं. उपरणं फिरवायचं, हुर्र म्हणायचं, पाय आपटायचे. एकालाही जवळ फिरकू द्यायचं नाही!"

"आलं ध्यानात."

प्रदर्शनाचा दिवस उजाडला. वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रत्येकाला एक टेबल आणि एक टीव्ही मिळाला होता. मंजुळाने डब्यातून आपला कम्प्युटर काढून जोडला. शेजारी नऊ पापडांचं ताट मांडलं. कावळे ओरडू लागले, लोक वळून बघू लागले. मंजुळा म्हणाली, "मी पाणी पिऊन येते. टेबलाकडे लक्ष ठेवा."

ती गेली आणि तीन परीक्षक आले. पुढे चिंचोले मॅडम, विज्ञानाच्या निवृत्त शिक्षिका. मागे दोघे गृहस्थ. मॅडमनी ताटाकडे बघितलं. "अरे वा, पापड!" असं म्हणून त्या वाकल्या.

"हुर्र!" झिपरू ओरडला.

मॅडम दचकल्या. झिपरूने उपरणं गरगर फिरवलं. "हुर्र! हुर्र!" त्याने पाय आपटले. एक गृहस्थ म्हणाले, "अहो, आम्ही परीक्षक..." त्यांना वाक्य पुरं करता आलं नाही. उपरण्याचं टोक त्यांच्या चष्म्याला लागलं. तिघेही मागे सरले. झिपरू पुढे सरला. दरवाजापर्यंत त्याने त्यांना पोचवलं, पण एकालाही पापडाजवळ फिरकू दिलं नाही.

मंजुळा पाणी पिऊन येते तो समोरून परीक्षक घाईघाईने जाताना दिसले. मागे उपरणं खांद्यावर टाकून झिपरू उभा. घामाघूम, पण समाधानी.

"तिघे होते," तो म्हणाला. "आपले नऊच्या नऊ आहेत."

मंजुळाने डोळे मिटले, उघडले. मग हळू आवाजात, एकेक शब्द तोलून म्हणाली, "मी त्यांची माफी मागून त्यांना परत आणते. तोवर तुम्ही कुणाला हाकलू नका. कुणाला या-बसा म्हणू नका. स्वतःच्या मनाने काही म्हणजे काही करू नका. पडद्यावर जे लिहून येईल, तेवढंच करा."

"आलं ध्यानात."

परीक्षक चहाच्या खोलीत बसले होते. मंजुळाने हात जोडले. कावळ्यांची सगळी हकिगत सांगितली. चष्मेवाले गृहस्थ फुगूनच बसले होते, पण डब्यातल्या आवाजापाशी त्यांनाही हसू फुटलं. चिंचोले मॅडम म्हणाल्या, "चला बाई. ज्या खेळाची एवढी राखण होते, तो बघायलाच पाहिजे."

इकडे टेबलापाशी एक आजोबा खेळून बघत होते. त्यांना बटण नीट सापडेना. कावळ्यांनी सगळे पापड फस्त केले आणि पडद्यावर मंजुळाने हौसेने लिहिलेली ओळ झळकली: "पापड संपले! आता आवरा आणि घरी जा."

झिपरूने ती दोनदा वाचली. ताटात तर नऊ पापड दिसत होते. पण स्वतःच्या मनाने काही करायचं नव्हतं.

त्याने आवरलं आणि घरी निघाला.

परीक्षक आले तेव्हा टेबलावर पापडांचं ताट होतं आणि काळा टीव्ही. ना कम्प्युटर, ना झिपरू. मंजुळाने टेबलाखाली वाकून बघितलं. तिने फोन लावला.

"अहो, कुठे आहात?"

"बसमध्ये. डबा मांडीवर आहे, झाकण घट्ट आहे. काळजी करू नको."

"अहो, परीक्षक थांबलेत इथे! मागे फिरा! आत्ताच्या आत्ता मागे फिरा!"

"बरं," म्हणून झिपरूने फोन ठेवला.

परीक्षकांनी बाकीचे सगळे खेळ बघितले. मग खुर्च्या ओढून मंजुळाच्या टेबलापाशी बसले. वाट बघता बघता त्यांनी पापड भाजून आणायला सांगितले आणि ते खाल्लेही. पाऊण तास गेला. मंजुळाने पुन्हा फोन लावला.

"फिरलात ना मागे?"

"कधीच फिरलो."

"मग अजून कसे आला नाहीत?"

"येऊ कसा? बस गावाकडे चाललीय. पण मी फिरून बसलोय, तोंड तुझ्याकडेच आहे. उलटं बसून जरा मळमळतंय. आता आपला फाटा येईल."

मंजुळाने कपाळावर हात मारला. चिंचोले मॅडम मात्र उठल्या. "निकाल रात्री आहे, वेळ आहे. माझी गाडी बाहेर उभी आहे, आपणच फाट्यावर जाऊ. त्यांना म्हणावं, आहात तिथेच थांबा."

मंजुळा फोनमध्ये ओरडली, "अहो, आहात तिथेच थांबा! जागचं तसूभर हलू नका! आम्ही येतोय!"

"आलं ध्यानात."

मॅडमची गाडी फाट्यावर पोचली. फाट्यावर एक लिंब, एक टपरी आणि टपरीवाला. झिपरू कुठेच नाही. टपरीवाला म्हणाला, "बस आली होती की. झिपरूभाऊ खिडकीत दिसले, पण उतरले नाहीत. शेवटच्या गावाकडे गेली बस." फोन लागेना. म्हणून सगळे लिंबाखाली उभे राहिले. तेवढ्यात समोरून तीच बस परत तालुक्याकडे जाताना धूळ उडवत गेली. खिडकीतून कुणीतरी हात हलवला. मांडीवर स्टीलचा डबा चकाकला.

"अहो!" मंजुळा बसमागे धावली. बस गेली.

गाडीत बसून ते बसच्या मागे निघणार, तर रस्त्यात दोनशे मेंढरं आडवी आली. मेंढरं सरेपर्यंत बस दिसेनाशी झाली आणि ते अर्ध्या वाटेवर असतानाच मंजुळाचा फोन वाजला.

"अगं, फाट्यावर दिसलीस की तू!" झिपरू म्हणाला. "मी हात केला. बरोबर मॅडम होत्या ना? कंडक्टर दोनदा उतरा म्हणाला, पण मी जागा सोडली नाही. आता बस तालुक्याच्या स्टँडात उभी आहे."

चिंचोले मॅडमनी गाडी कडेला घेतली. त्यांनी मंजुळाच्या हातून फोन घेतला. "झिपरूभाऊ, आम्ही परत येतोय. तुमचा खेळ बघितल्याशिवाय मी निकाल लावणार नाही."

"या की मॅडम," झिपरू शांतपणे म्हणाला. "मी कुठे गेलोय? मी आहे तिथेच आहे. मघापासून इकडून तिकडे फिरताय ते तुम्हीच."