लिंबाजी पेंटरचे बोर्ड

तळेवाडी म्हणून एक गाव होतं आणि तिथं लिंबाजी नावाचा एक भोळा पेंटर राहायचा. भास्करअण्णांच्या दुकानात तो बोर्ड रंगवायचा. अक्षर इतकं देखणं, की रस्त्यानं जाणारा माणूस सायकल थांबवून बघत राही. फक्त एक होतं. जे सांगाल ते लिंबाजी ऐकायचा. अगदी जसंच्या तसं ऐकायचा.

एकदा कुसुमबाईंच्या खाणावळीचं काम आलं. लिंबाजीनं पिठलं, भाकरी, ठेचा, ताक, लोणचं, 'हात धुवायची जागा मागे' हे सगळं एकाच मापाच्या अक्षरात लिहून काढलं. बोर्ड गच्च भरला.

कुसुमबाई आल्या. म्हणाल्या, "अण्णा, बोर्ड वाचून होईपर्यंत एसटी सुटते. गिऱ्हाईक जेवणार कधी?"

अण्णांनी लिंबाजीला समोर बसवलं. "सगळंच सारखं लिहिलं तर काहीच दिसत नाही. माणूस ज्याच्यासाठी येतो, ते मोठं काढायचं. बाकीचं बारीक."

"कळलं अण्णा."

मग दातांचे डॉक्टर आले. त्यांनी वाक्य दिलं, 'इथे दात काढताना दुखत नाही.' लिंबाजी ब्रश धरून विचार करत बसला. डॉक्टरकडे माणूस कशासाठी येतो? दात काढायला येतो. दुखतं म्हणून येतो. त्यानं 'दात काढताना दुखत' एवढं हातभर उंचीचं काढलं. 'नाही' खाली कोपऱ्यात घातलं, मुंगीएवढं.

संध्याकाळी डॉक्टर दुकानात आले. "अण्णा, आज एक आजोबा गाल धरून एसटीतून उतरले. बोर्ड वाचला आणि गाल धरूनच परत एसटीत चढले."

अण्णांनी लिंबाजीला पुन्हा समोर बसवलं. "अरे, बोर्ड बघून माणसाला भीती वाटता कामा नये. बरं वाटलं पाहिजे. आकाशी, पोपटी असे थंड रंग घ्यावेत. चेहरा काढलास तर हसरा काढ. माणूस आपण होऊन जवळ यायला हवा."

"कळलं अण्णा."

गावाबाहेर इस्माईलभाईंची दगडाची खाण होती. तिथं दुपारी सुरुंग उडायचे. त्यांना बोर्ड हवा होता. वर कवटी, खाली 'धोका'. लिंबाजीनं पत्र्याला आकाशी रंग दिला. कडेनं पोपटी वेल सोडली. 'धोका' गुलाबी काढलं. कवटी हसरी काढली आणि तिच्या गालाला खळी पाडली. कवटीला गाल नसतात, पण लिंबाजीनं ते काढले.

दुसऱ्या दिवशी इस्माईलभाई घामाघूम होऊन आले. आधी पाणी प्यायले, मग बोलले. "एक कुटुंब खाणीच्या तोंडाशी सतरंजी टाकून बसलं होतं. पुरीभाजी काढली होती. मी वात पेटवणार, तेवढ्यात पोरगी हसल्याचा आवाज आला. विचारलं, बोर्ड दिसला नाही का? बाई म्हणाली, दिसला ना, म्हणून तर इथं बसलो."

अण्णांनी लिंबाजीला पुन्हा समोर बसवलं. मग हळू आवाजात म्हणाले, "लिंबाजी, आज माणसं गेली असती."

लिंबाजीचे डोळे भरून आले. "अण्णा, मी मन लावून काढला होता हो."

"माहीत आहे. नीट ऐक. असल्या ठिकाणी देखणं काही नको. पांढऱ्यावर लालभडक काढ, म्हणजे लांबून उठून दिसतं. आणि जायचं कुठून ते दाखवायला एक मोठा बाण काढ. बाण दिसला की माणूस विचार करत नाही, बाणामागे चालायला लागतो."

"कळलं अण्णा."

लिंबाजीनं त्या रात्री भाकरीचा तुकडाही मोडला नाही. सकाळी जाऊन त्यानं खाणीचा बोर्ड सांगितल्याप्रमाणे करून दिला. तो इतका चोख झाला, की इस्माईलभाईंनी त्याची पाठ थोपटली. अण्णांनाही वाटलं, आता हा सुधारला.

महिनाभरानं अण्णांच्या मुलीचं, रेवतीचं, लग्न निघालं. कार्यालय फाट्यापासून आत होतं. मुलाकडचं वऱ्हाड दोन बसगाड्या करून लांबून येणार होतं. रस्ता कुणाला माहीत नव्हता.

"लिंबाजी, फाट्यावर बाण काढून ये. घरचं कार्य आहे."

लिंबाजी सकाळीच लाल रंगाचा डबा घेऊन गेला. फाट्यावर काळा खडक होता, वडाचं खोड होतं, एक गंजका खांब होता. पांढरं मात्र काही दिसेना. तेवढ्यात चहाच्या टपरीपुढं त्याला पांढरंशुभ्र काहीतरी दिसलं. त्याचं तोंडही नेमकं कार्यालयाकडंच होतं. लिंबाजीनं त्याच्या अंगावर लालभडक लिहिलं, 'रेवतीचं लग्न इकडे.' खाली पुरुषभर लांबीचा बाण काढला. दोन पावलं मागं सरून पाहिलं. छान उठून दिसत होतं. मग तो खुशीत परत आला आणि वाढप्यांना मदत करू लागला.

मुहूर्त जवळ आला. भटजी दोनदा बाहेर डोकावले. रेवती मुंडावळ्या बांधून बसली होती. वऱ्हाडाचा पत्ता नव्हता. अण्णांनी व्याह्यांना फोन लावला.

"कुठवर आलात?"

"बाणामागंच आहोत," व्याही म्हणाले. "तुमचं कार्यालय बरंच लांब आहे हो. आता घाट उतरतोय."

अण्णांनी फोन खाली घेतला. "लिंबाजी, बाण कशावर काढलास?"

"दुधाच्या टेम्पोवर. अख्ख्या फाट्यावर तेवढाच पांढरा होता."

अण्णा मटकन खुर्चीत बसले. लिंबाजीनं त्यांना पाण्याचा तांब्या आणून दिला आणि शेजारी उभा राहून धीर दिला.

"काळजी करू नका अण्णा. वऱ्हाड कुठं चुकायचं नाही. टेम्पो दूध न्यायला रोज येतो. उद्या सकाळी नवरदेव बरोबर फाट्यावर हजर."