काचेच्या नळीने पाहिलेला समुद्र

फार मागे, यंत्रंसुद्धा शिडाच्या गलबतांतून परमुलखी जात, त्या काळची ही गोष्ट. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते दाखवणारी एक काचेची नळी होती. बंदरावरच्या अनशीमावशीने तिला लाकडी खोक्यात निजवलं, चहूबाजूंनी भाताचा पेंढा कोंबला आणि पेंढ्यालाच दटावलं, "हलू नकोस हं. पोकळ राहिलं की फुटलं."

गलबत निघालं. खोक्याच्या फटीतून निळा उजेड झिरपू लागला.

"पेंढ्या, जरासा सरक ना," नळी म्हणाली. "जन्मात एकदाच समुद्र भेटतोय. बघू तरी दे."

"सरकलो तर आदळशील, बाई."

"वाळकं गवत तू! तुला काय ठाऊक समुद्र?" नळी फुरंगटली.

पेंढा रागावला नाही. "समुद्र नाही पाहिला मी," तो म्हणाला. "पण शेतात उभा होतो, तेव्हा बांधावरून वारा यायचा. सगळं शेत वाकायचं, पुन्हा उठायचं. हे असं..." आणि तो सळसळला.

तेवढ्यात तुफान उठलं, मोठी लाट आली. शेजारच्या सैल भरलेल्या खोक्यात काहीतरी खळ्ळकन फुटलं. नळीने अंग चोरलं. पेंढ्याने तिला घट्ट धरलं आणि तुफान ओसरेपर्यंत तो तिला आपलं शेत सांगत राहिला. ऐकता ऐकता तिचा डोळा लागला.

परमुलखात खोकं उघडलं. नळी अखंड निघाली. पेंढा कुणीतरी गाईपुढे टाकला.

बॉयलरवर बसवल्यावर शेजारच्या पितळी तोटीने तिला विचारलं, "तू समुद्रावरून आलीस म्हणे. कसा असतो गं?"

"हिरवा असतो," नळी म्हणाली. "वारा आला की वाकतो, पुन्हा उठतो. आणि त्याला भाताचा वास येतो."