घरचं विरजण

एकदा एका वृद्ध वैद्यांकडे त्यांचा लाडका शिष्य श्रीनिवास भर दुपारी तणतणत आला आणि थेट स्वयंपाकघरात शिरला. या वैद्यांना सारं गाव तात्या म्हणे. श्रीनिवासाच्या पत्नीला, मृणालला, नववा महिना लागला होता. त्यामुळे शिष्याचं चित्त अलीकडे थाऱ्यावर नसे, हे तात्या जाणून होते.

“तात्या, आता तुम्हीच काय ते सांगा. जन्मानंतर बाळाच्या नाळेतलं रक्त साठवता येतं, पुढे रक्ताच्या आजारात ते कामी येऊ शकतं. खासगी पेढीत ठेवलं तर ते फक्त आपल्याच बाळाचं. सार्वजनिक पेढीला दिलं तर ज्याला जुळेल त्याचं. मृणाल म्हणते, देऊन टाकू. मी म्हणतो, माझ्या लेकराचं माझ्या लेकरालाच राहू दे. मुकुंदाचं झालं ते पुन्हा नको!”

मुकुंद म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. रक्ताच्या आजाराने तो लहानपणीच गेला.

“बरं बरं,” तात्या दुधाचं पातेलं उतरवत म्हणाले. “आधी एवढं विरजण लाव, मग बोलू.”

श्रीनिवासाने फडताळातली दह्याची वाटी काढली. तात्यांनी ती त्याच्या हातून घेतली आणि सरळ अंगणातल्या केळीच्या बुंध्याशी ओतली. मग वाटी विसळून त्याच्या हाती देत म्हणाले, “जा, शेजारच्या नफीसाभाभींकडून चमचाभर दही आण.”

‘आता काय म्हणावं यांना!’ असं पुटपुटत तो गेला. भाभींनी हसत वाटी पुढे केली. “ने की! आमचं बिघडलं तेव्हा तात्यांनीच दिलं होतं.”

“घरात दही असताना ओतलंत कशाला?” परत येताच त्याने विचारलं.

“बिघडलं होतं रे ते, तार आली होती त्याला. तेच लावलं असतं तर उद्याच्या दह्यालाही तारच आली असती.” तात्यांनी त्याला जवळ बसवलं. “वेड्या, मुकुंदाला त्याचं स्वतःचं नाळरक्त चाललं असतं का?”

श्रीनिवासाला ते दिवस आठवले. डॉक्टर तेव्हा म्हणाले होते, आजाराचं मूळ त्याच्याच रक्तात असेल, दुसऱ्या कुणाचं तरी जुळणारं हवं. खूप शोधलं, मिळालं नाही.

“घरात आजारी भावंड असतं, डॉक्टरांनी तसं सांगितलं असतं, तर मीच म्हटलं असतं, राखून ठेव. तुमच्याकडे तसं काही नाही. आणि दिलेलं आपल्याला परत मिळेलच, असंही नाही हं, खोटं कशाला सांगू? पण तेव्हा कुणी दिलं असतं तर…” तात्यांनी दुधाचं पातेलं त्याच्याकडे सरकवलं. मुकुंदाला त्यांनीही अंगाखांद्यावर खेळवलं होतं.

श्रीनिवासाने डोळे पुसले. कोमट दुधात भाभींचं विरजण कालवलं, वर झाकण ठेवलं आणि मृणालला फोन लावला.

“ऐक ना, देऊन टाकू. कुणाचा तरी मुकुंद वाट बघत असेल.”